यल्लम्माच्या दोन पौर्णिमा

देवता नित्य आणि निर्विकार असते, तिला जरा नाही व मरण नाही, असे आपली स्तोत्रे सांगतात आणि आपले तत्त्वज्ञानही सांगते. परंतु बेळगाव-निपाणीच्या सीमाभागांत जिची भक्ती घरोघर चालते, अशी एक देवता प्रतिवर्षी विधवा होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा सवाष्ण होते. सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मा, म्हणजेच रेणुका, ही ती देवता होय. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेस तिचे कंकण उतरविण्यात येते आणि माघाच्या पौर्णिमेस ते पुन्हा चढविण्यात येते. पहिलीला आमच्याकडील मराठी माणूस ‘रांडाव पुनव’ म्हणतो व दुसरीला ‘अहेव पुनव’. कन्नड भाषिक दुसरीला ‘मुत्तैदे हुण्णिमे’ म्हणतात. मुत्तैदे म्हणजे सवाष्ण.

देवीला वैधव्य यावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. या विधीकडे विद्वानांनी बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले. कोणी त्यास कृषिजीवनाचे रूपक मानले, तर कोणी देवदासीप्रथेचे एक अंग समजून त्याचा निषेध केला. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे. तथापि या दोन पौर्णिमांच्या मध्ये जो काळ आहे आणि त्या काळाला जो शेवट आहे, त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाही, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम स्थळाविषयी थोडे. सौंदत्ती हे बेळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. याचे जुने नाव सुगंधवर्ती. रट्ट राजांची राजधानी प्रथम येथे होती व पुढे ती वेणुग्रामास, म्हणजे बेळगावास, गेली. गावाजवळच्या डोंगरावरील यल्लम्माचे देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकाने १५१४ साली बांधले, असे सांगतात. जवळूनच मलप्रभा वाहते, आणि तिच्यावरील धरणाच्या जलाशयासही ‘रेणुकासागर’ असेच नाव मिळाले आहे. याच जिल्ह्यात अथणी तालुक्यातील कोकटनूर येथेही यल्लम्माचे मोठे ठाणे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद त्यानंतर अखंड चालू राहिला. पण कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांतून डोंगराकडे निघणाऱ्या भाविकांची वाट काही मोडली नाही. यात्रेहून परतल्यावर कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते व देवीला आंबील, भाजी आणि भाकरी यांचा नैवेद्य होतो. डोंगरावर कानडी आणि मराठी गाणी एकाच चौंडक्याच्या तालावर म्हटली जातात. ‘यल्लम्मा’ या नावाचा अर्थ कन्नडात ‘सर्वांची आई’ असा लावतात, तर ‘रेणुका’ हे नाव रेणूवरून, म्हणजे मातीच्या कणावरून, आले आहे. एकाच मूर्तीला दोन भाषांनी दिलेली ही दोन नावे आमच्या भागात एका दमात उच्चारली जातात.

आता कथेकडे वळू. महाभारताच्या वनपर्वात रेणुकेची कथा आली आहे. नदीवर गेलेली रेणुका चित्ररथ राजाची जलक्रीडा पाहून क्षणभर विचलित होते. जमदग्नी क्रुद्ध होतो आणि पुत्रांना मातृवधाची आज्ञा करतो. थोरले पुत्र आज्ञा मानीत नाहीत. धाकटा परशुराम मानतो. प्रसन्न झालेल्या पित्याकडे तो वर मागतो, तो हा की आई जिवंत व्हावी आणि आपला वध झाल्याचे तिला स्मरणही राहू नये. पुढे कार्तवीर्य अर्जुन आश्रमातील होमधेनूचे वासरू हरण करतो, परशुराम त्याला ठार करतो आणि त्याचा सूड म्हणून कार्तवीर्याचे पुत्र जमदग्नीचा वध करतात. महाभारतातील परशुराम पित्याची उत्तरक्रिया करतो आणि एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो. तेथे आई पुन्हा उठते; बाप उठत नाही.

या मृत्यूनंतर रेणुकेचे काय झाले? या प्रश्नास आपल्या भूमीतील दोन क्षेत्रांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. माहूरच्या परंपरेनुसार रेणुका पतीबरोबर सहगमन करते आणि मग शोकाकुल परशुरामासाठी तिचे मुख भूमीतून प्रकट होते. म्हणूनच माहूरगडावर देवीच्या केवळ मुखाची पूजा होते. सौंदत्तीची लोकपरंपरा सतीकडे जात नाही. तिची यल्लम्मा चितेवर चढत नाही; ती विधवा होऊन राहते. मार्गशीर्षात तिचे कंकण उतरते, ती तो काळ काढते, आणि माघात जमदग्नी पुन्हा उठला म्हणून तिच्या हाती चुडा येतो. ग्रंथाने जे नाकारले ते लोकांनी आपल्या पंचांगात लिहून टाकले. एका क्षेत्रात पतिनिधनाचा शेवट अग्नीत झाला आणि दुसऱ्यात तो प्रतीक्षेत व पुनःप्राप्तीत झाला, हा भेद आम्हांस अत्यंत अर्थपूर्ण वाटतो.

या प्रतीक्षेचा पहिला अर्थ भूमीशी निगडित आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रेणुका, वारूळ आणि भूमी यांचे नाते उलगडून दाखविले आहे. वारूळ हे भूमीच्या गर्भाचे प्रतीक होय, आणि रेणूंनी बनलेली ती रेणुका. हे सूत्र हाती धरून आमच्या भागातील पौर्णिमांकडे पाहिले, म्हणजे एक सलग मालिका दिसू लागते. आश्विनातील पौर्णिमेस कन्नड शेतकरी ‘शीगी हुण्णिमे’ म्हणतो. त्या दिवशी उभ्या पिकाने भरलेली भूमी गर्भवती मानून तिची पूजा होते आणि रानांत अन्नाचा चरग उधळला जातो. गरोदर लेकीचे डोहाळे पुरवावेत तसाच हा प्रकार असतो. पुढे खरिपाचे पीक घरी येते आणि त्या जमिनी मोकळ्या पडतात. मग येते मार्गशीर्षाची पौर्णिमा. तिचे कन्नड नाव ‘होस्तिल हुण्णिमे’, म्हणजे उंबरठ्याची पौर्णिमा. याच दिवशी देवीचे कंकण उतरते. त्यानंतर दोन महिन्यांनी, शाळू कापणीच्या बेतात येऊ लागतो त्या सुमारास, माघाची ‘भारत हुण्णिमे’ येते आणि देवी अहेव होते. गर्भिणी, विधवा व सवाष्ण या भूमीच्याच तीन अवस्था आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

देवीची पूजासाधनेही याच अर्थाला पुष्टी देतात. जोगतीण डोईवर जो ‘जग’ वाहते, तो म्हणजे टोपलीत बसविलेली देवी. हातांतील परडी म्हणजे धान्य मागणारे आणि धान्य देणारे पात्र. भंडारा म्हणजे हळद, जमिनीत वाढणारे आणि मंगल मानलेले कंद. जोगवा मागताना भक्त दारोदार फिरतो, पण तो स्वतःसाठी मागत नाही. देवीच्या परडीत पसाभर धान्य पडावे म्हणून मागतो. सर्वांच्या घरचे थोडे थोडे एका पात्रात यावे, ही कल्पना ‘सर्वांची आई’ या नावाशी सुसंगतच आहे.

येथवर रूपकाचा मेळ चांगला बसतो. परंतु आमच्या मते या रूपकाने सर्व उलगडा होत नाही. भूमीची मोकळीक दाखवावयाची, तर रिकामा घट पुरेसा होता, कोरडी परडी पुरेशी होती. बांगडी कशासाठी? कुंकू कशासाठी? मोकळ्या रानाचे प्रतीक म्हणून लोकांनी नेमकी विधवाच का निवडली? याचे उत्तर शेतात मिळणार नाही. ते घरात शोधावे लागते.

घरातील विधवेची स्थिती भाषेतच नोंदलेली आहे. ‘अहेव’ हा आमच्या खेड्यापाड्यांतील गोड शब्द संस्कृत ‘अविधवा’ या शब्दापासून झिजून झाला आहे. म्हणजे जिचा पती जिवंत आहे, त्या स्त्रीचे नावही ‘विधवा नसलेली’ असेच पडले. तिच्या सुखाच्या शब्दातही ती भीती दडलेली आहे. उलट ‘रंडा’ या शब्दाचा मूळ अर्थ केवळ विधवा एवढाच होता. त्यापासून आलेला मराठी शब्द आज कोणत्याही सभ्य घरात उच्चारता येत नाही. ज्या स्त्रीचा काही अपराध नाही तिच्या अवस्थेचे नाव शिवी होऊन बसावे, यावरून समाजाने तिला कोठे बसविले होते ते कळून येते. शब्दकोश हा सामाजिक इतिहासाचाही ग्रंथ असतो, असे आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगतो, त्याचे याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

अशा समाजातील स्त्रिया डोंगरावर जातात आणि पाहतात, की आपली आईदेखील विधवा झाली. जे नाव आपल्याला शिवी म्हणून ऐकावे लागते, तेच नाव तिच्या पौर्णिमेस आहे. तिच्याही हातांतून कंकण उतरते. तरी तिची पूजा थांबत नाही, तिचा भंडारा उधळावयाचा राहत नाही, आणि तिच्या पायांवर डोके ठेवताना अपशकुनाचा विचार कोणाच्याही मनास शिवत नाही. दोन महिने देवी विधवा आहे आणि ते दोन महिनेही ती देवीच आहे. हा या प्रतीकाचा पहिला आशय होय. दुसरा आशय त्याच्या शेवटात आहे. देवीचे वैधव्य संपते. दुःख खरे आहे, पण ते जन्माची शिक्षा नव्हे, असे माघाची पौर्णिमा सांगते. जो समाज मानवी विधवेला पुन्हा बांगडी भरू देत नव्हता, त्यानेच आपल्या देवीला दरवर्षी चुडा भरला. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. अहेव पुनव मात्र कायद्याच्या साहाय्याविना पिढ्यान् पिढ्या साजरी होत आली आहे. लोकांना जे प्रत्यक्षात करण्याचे धैर्य नव्हते, ते त्यांनी देवीच्या ठायी करून पाहिले, असा आमचा तर्क आहे.

दुर्दैवाने या प्रतीकाचा इतिहास येथेच संपत नाही. प्रतीक हे प्रतीकच आहे, याचा विसर पडला म्हणजे काय अनर्थ होतो, हेही याच डोंगराने दाखविले. देवीला मुलगी सोडावयाची, तिच्या गळ्यात तांबड्यापांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधावयाचे, की ती जोगतीण झाली. अशा मुली बहुतांशी दलित आणि दरिद्री कुटुंबांतील असत. केसांत जट झाली, म्हणजे देवीचे बोलावणे आले, अशी समजूत होती. एखादे दुखणे किंवा एखादा नवसही पुरे होई. मार्गशीर्षात देवी विधवा झाली, की जोगतिणी आपल्या बांगड्या फोडीत आणि कुंकू पुशीत. म्हणजे देवीच्या कथेतील अवस्था या स्त्रियांच्या प्रत्यक्ष देहावर उमटविली जाई.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. जोगतिणीचा विवाह देवाशी लागला असे मानीत, म्हणून ती कधी विधवा होणार नाही, ती नित्यसुमंगल, असे एकीकडे सांगत. दुसरीकडे तिला माणसाशी लग्न करता येत नसे. तिला घर नसे, आणि तिच्या मुलाला बापाचे नाव नसे. देवीच्या वैधव्याला माघात शेवट होता. हिच्या एकटेपणाला कोणत्याच पौर्णिमेला शेवट नव्हता. प्रतीकाचा पहिला भाग तिच्यावर लादला गेला आणि दुसरा तिच्यापासून हिरावून घेतला गेला. आमच्या मते देवदासीप्रथेतील अन्याय मांडण्याची ही सर्वांत नेमकी रीत आहे. कारण ती प्रथेचा निषेध देवीच्याच उत्सवाच्या आधारे करते.

या अन्यायाविरुद्धचा लढाही आमच्याच भागातील आहे. निपाणीच्या शेजारी पसरलेल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० साली जोगतिणी व मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात होता. मुली वाहणे त्याने बेकायदा ठरविले. शिवाय देवाला वाहिलेल्या स्त्रीने केलेला विवाह रूढीच्या कारणाने अवैध ठरणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. अहेव होण्याचा जो अधिकार देवीला होता, तो तिच्या लेकीला प्रथम कायद्याच्या कलमाने मिळाला. पण कलम कागदावर राहिले आणि प्रथा डोंगरावर. १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली. पुढे तंबाखू आणि विडी कामगार स्त्रियांच्या निपाणीतही या प्रश्नाची चळवळ उभी राहिली; जट सोडविण्याचे व पुनर्वसनाचे काम कार्यकर्त्यांनी हाती घेतले. कर्नाटक शासनाने १९८२ साली नवा प्रतिबंधक कायदा केला आणि महाराष्ट्राचा निर्मूलन कायदा २००६ साली आला. बेळगाव जिल्ह्यात तर एकेकाळच्या देवदासींनीच स्वतःची संस्था चालविली, आणि त्यांच्या नेत्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

मराठी साहित्याने या विषयाकडे पाठ फिरविली नाही, ही अभिमानाची गोष्ट होय. चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा, उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ ही कादंबरी, राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या याच मातीतून आल्या. या कृतींच्या नावांकडे नुसते पाहावे. मण्यांची माळ, वाद्य, हळद! पूजेतील एकेक वस्तू लेखकांनी उचलली आणि तिच्याखाली दडलेला माणूस दाखविला. प्रतीकांची चिकित्सा शास्त्रीय ग्रंथांच्या बरोबरीने ललित साहित्यानेही केली आहे, याची नोंद आपल्या अकादमीसारख्या संस्थांनी अवश्य घ्यावी.

प्रतीकाला हात लावला तर श्रद्धा ढासळेल, अशी भीती काही सज्जन व्यक्त करतात. तिला उत्तर म्हणून याच क्षेत्रातील दुसऱ्या एका विधीचा इतिहास पाहावा. डोंगराच्या पायथ्याशी जोगुळभावी येथे स्नान करून, केवळ कडुलिंबाच्या डहाळ्या अंगाभोवती बांधून देवीस जाण्याचा नवस पूर्वी असे. त्यास ‘लिंब नेसणे’ म्हणत. शिमोगा जिल्ह्यातील चंद्रगुत्ती येथे रेणुकाम्बेच्याच यात्रेत नग्नपूजेवरून १९८६ साली मोठा प्रक्षोभ झाला आणि त्यानंतर शासनाने त्या प्रकारास बंदी घातली. मग काय झाले? लिंब गेला नाही. भाविक वस्त्रांवरूनच लिंबाची डहाळी बांधू लागले. पान राहिले, नवस राहिला, देवी राहिली. अवहेलना तेवढी गेली. प्रतीकाचे सत्त्व अवहेलनेत नव्हते, हे भाविकांच्या स्वतःच्या आचरणानेच सिद्ध झाले.

देवीच्या बांगडीचा अर्थ मानवी विधवेपर्यंत पोहोचावयास मात्र फार वेळ लागला. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, आमच्या सीमेपासून जवळच, हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा आदर्श घ्यावा असे आवाहन केले. करोनाच्या साथीत तरुण स्त्रियांवर आलेले वैधव्य त्या काळी सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ठरावात यल्लम्माचे नाव असावयाचे कारण नव्हते. परंतु ज्या मुलखातून पिढ्यान् पिढ्या सौंदत्तीच्या वाटेने माणसे गेली, त्याच मुलखात ही गोष्ट प्रथम घडावी, हे आम्हांस निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. निदान एवढे तरी म्हणता येईल, की हेरवाडच्या ग्रामस्थांनी जे ठरविले, त्याचा अर्थ समजावयास अहेव पुनव पाहणाऱ्या माणसाला नव्या ग्रंथाची गरज पडत नाही.

शिक्षकांपुढे या विषयाचे महत्त्व काय, तेही सांगितले पाहिजे. जून महिन्यात प्रवेशाचे अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर येतात. त्यांतील ‘वडिलांचे नाव’ हा रकाना भरताना ज्या आईचा हात थांबतो, तिला आम्ही सीमाभागातील शिक्षक ओळखतो. अशा आईसमोर उत्सवाचा अर्थ सांगणे हे केवळ विद्वत्तेचे काम राहत नाही. तिच्या मुलाला वर्गात यल्लम्माची कथा ऐकावयास मिळेल, तेव्हा ती अर्धीच सांगितली जाऊ नये. देवीची निंदा केली, तर त्या मुलाच्या आईने आयुष्यभर जिचे पाय धरले तिची निंदा होईल. प्रथेचे समर्थन केले, तर त्या आईच्या दुःखाचे समर्थन होईल. दोन्ही टाळून कथा संपूर्ण सांगणे शक्य आहे, कारण कथेतच दोन पौर्णिमा आहेत.

उत्सवांतील प्रतीके समाजाच्या मनात दीर्घकाळ साठवलेली असतात आणि पुष्कळदा ज्यांनी ती साठविली त्यांनाच त्यांचा पुरा अर्थ ठाऊक नसतो. यल्लम्माच्या उपासनेतून भूमीचे चक्र वाचता येते, दोन भाषांचा सहवास वाचता येतो, स्त्रीवरील अन्यायाचा दीर्घ इतिहासही वाचता येतो. पण या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे : लोकांनी आपल्या आईला विधवा होऊ दिले, विधवा असतानाही तिची पूजा केली, आणि ठरल्या दिवशी तिच्या हातात पुन्हा बांगड्या भरल्या. तिच्या लेकींच्या वाट्याला मार्गशीर्षाची पौर्णिमा सक्तीने आली. माघाची पौर्णिमा त्यांना अजून पुरती लाभावयाची आहे. ती त्यांना मिळवून देण्यात जे जे हात लागले आणि पुढे लागतील, त्यांनी देवीच्या उत्सवाचा अर्थच आचरणात आणला, असे आम्ही मानतो.